प्राचार्यांचं गहाण घर आणि आमचं हमीपत्र

आमच्या भवानी पेठेत संध्याकाळी चक्कर मारा. यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, कुठे चादरी गाडीत भरत असतात, आणि चहाच्या टपरीवर पाच-सहा पोरं उभी असतात. त्यांतल्या दोघांच्या तरी अंगात अमेरिकन कॉलेजचा टी-शर्ट असतो. छातीवर 'यूसीएलए' किंवा 'मिशिगन', पाठीवर मोठा आकडा. ही पोरं इथल्याच कॉलेजांत बी.ए., बी.कॉम. करतात. काही जण कॉलेजकडून खेळतातही. पण स्वतःच्या कॉलेजचं नाव असलेली जर्सी घरी कुणाकडेच नाही, कारण आपल्याकडे स्पर्धा संपली की जर्सी धुऊन जिमखान्यात परत जमा करायची असते.

टी-शर्ट घालणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. माझा राग त्या परत जमा केलेल्या जर्सीवर आहे. मी तीन वर्षं कॉलेजकडून कबड्डी खेळले. झोनल खेळले, इंटर-झोनल खेळले. आज माझ्याकडे त्या तीन वर्षांचा पुरावा म्हणून दोन प्रमाणपत्रं आहेत, आणि त्यांतल्या एकावर माझं आडनाव चुकलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. कॉलेजचा खेळ कुणाच्या मोठ्या मनावर चालू नये. तो लिहिलेल्या, सही केलेल्या, सगळ्यांना वाचता येणाऱ्या कागदावर चालावा. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. मोठ्या मनाच्या माणसांच्या गोष्टी आपण शंभरदा सांगतो आणि कागद मात्र कोरा ठेवतो.

२२२ विरुद्ध ०

त्या टी-शर्टांवरच्या आकड्यांच्या मागे एक खेळ आहे. लांबुळका चेंडू, हातात धरून पळायचं, समोरच्याने पाडायचं. त्याला ते फुटबॉल म्हणतात, आपण अमेरिकन फुटबॉल म्हणतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा खेळ व्यावसायिक क्लबांचा नव्हता, कॉलेजांचा होता. मोठ्या कॉलेजांचा होता तसाच खेड्यातल्या, दोन-चारशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजांचाही होता.

त्यातलं एक कम्बरलँड. टेनेसी राज्यातल्या लेबनन नावाच्या छोट्या गावातलं. १९१६ साली या कॉलेजने आपला फुटबॉल संघ बंद करून टाकला होता. पण अटलांटाच्या जॉर्जिया टेक या बलाढ्य संघाबरोबर सामना खेळण्याचा करार आधीच झालेला. सामन्याला गेलो नाही तर ३,००० डॉलर दंड. त्या काळी ही रक्कम छोट्या कॉलेजचं कंबरडं मोडणारी होती. शेवटी एका विद्यार्थी व्यवस्थापकाने मिळतील ती पोरं गोळा केली. बरीचशी कायद्याचे विद्यार्थी. जेमतेम डझनभर जण आगगाडीने अटलांटाला गेले. तारीख ७ ऑक्टोबर १९१६.

जॉर्जिया टेकचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन. आज अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला जो चषक देतात तो याच्या नावाचा. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कम्बरलँडने त्याच्या संघाला २२–० असं हरवलं होतं, आणि भाड्याचे खेळाडू आणून हरवलं असा त्याचा संशय होता. त्याने उट्टं काढलं. पहिल्या पावातच ६३–०. मध्यंतराला १२६–०. शेवटी २२२–०. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत एकतर्फी निकाल आजही तसाच आहे.

ही गोष्ट रील्सवर विनोद म्हणून फिरते. मला तिच्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, त्या पोरांना मैदानात कुणाच्या प्रेरणेने उतरवलं नव्हतं. एका सही केलेल्या करारामुळे कॉलेजला संघ पाठवावाच लागला. कॉलेज खेळाच्या बाबतीत कागदाने बांधलेलं होतं. दुसरी गोष्ट, आज एकशे दहा वर्षांनीही त्या सामन्याच्या प्रत्येक पावाचा गुणफलक सापडतो. इतका लाजिरवाणा पराभव त्यांनी जपून ठेवला. माझ्या कॉलेजच्या संघाने मी यायच्या आदल्या वर्षी कुणाला हरवलं, हे मला कुणी सांगू शकलं नव्हतं. प्राचार्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात चषक होते. त्यांच्यावर आमदारांची नावं होती, नगरसेवकांची होती. खेळाडूंची नव्हती.

एका पोराच्या मरणाने काय बदललं

आता आणखी अकरा वर्षं मागे जाऊ, कारण कागदाची खरी ताकद तिथे दिसते.

१९०५ चा हंगाम. तेव्हा या खेळात चेंडू पुढे फेकायला परवानगीच नव्हती. चेंडू घेतलेल्या पोराला त्याच्याच संघातले लोक मागून ढकलत, हाताला हात अडकवून भिंत करत, आणि समोरची भिंत फोडत. ढीग पडायचा. ढिगाखाली माना मोडायच्या. त्या एका हंगामात अमेरिकेत किमान १८ जण या खेळात मेले. ऑक्टोबरमध्येच राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन बड्या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून समज दिली होती. त्यांनी चांगलं वागण्याचं आश्वासन दिलं. आश्वासनाने काही झालं नाही.

२५ नोव्हेंबर १९०५ रोजी युनियन कॉलेज या छोट्या कॉलेजचा हॅरल्ड मूर न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना डोक्याला मार लागून मेला. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅकक्रॅकन यांनी हार्वर्डच्या चार्ल्स एलियट यांना विनंती केली की तुम्ही सगळ्या कॉलेजांची बैठक बोलवा. एलियट यांना हा खेळच मान्य नव्हता. त्यांनी नकार दिला. मग मॅकक्रॅकन यांनी स्वतः बैठक बोलावली. डिसेंबरच्या सुरुवातीला १३ कॉलेजं आली. महिनाअखेरीच्या बैठकीला साठाहून अधिक आली, आणि त्यांत बहुतेक लहान होती. त्यातून जी संघटना उभी राहिली तीच १९१० पासून एनसीएए म्हणून ओळखली जाते.

१९०६ मध्ये नवे नियम आले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे ढीग फुटला आणि खेळ मैदानभर पसरला. हक्क टिकवायला पाच यार्डांऐवजी दहा यार्ड पुढे जाणं भाग पडलं, म्हणजे नुसतं ढकलून भागेना. दोन्ही रांगांमध्ये मोकळी पट्टी आली. लगेच सगळं गोड झालं असं नाही. १९०९ मध्ये मृत्यू पुन्हा वाढले. तेव्हा १९१० मध्ये पुन्हा नियम बदलले आणि खेळाडूला मागून ढकलणं, हात अडकवून भिंत करणं बंद झालं.

यातला एकही बदल पैशाने झालेला नाही. 'त्यांच्याकडे पैसा आहे' हे आपलं ठरलेलं उत्तर असतं. पण चेंडू पुढे फेकू द्या हे लिहायला किती डॉलर लागतात? एक पोरगा मेला आणि ज्या संघाविरुद्ध खेळताना तो मेला, त्या संस्थेच्या प्रमुखाला वाटलं की हे आपल्याला उत्तर देण्यासारखं प्रकरण आहे. खर्च झाला तो एवढाच.

त्याच काळात आपल्याकडे

त्या वर्षांत सोलापुरात गिरण्यांचे भोंगे होते, कॉलेज नव्हतं. सोलापूरला पहिलं कॉलेज, म्हणजे दयानंद, १९४० साली मिळालं. पण महाराष्ट्र झोपलेला नव्हता. ज्या १९०६ साली अमेरिकेत नवे नियम आले त्याच साली पुण्यात डेक्कन जिमखाना सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत खो-खोचे नियम तिथे लिहिले गेले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूच्या अखिल भारतीय स्पर्धा भरवल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. गल्लीगणिक वेगळे असलेले खेळ या लोकांनी मोजमापात, वेळेत, गुणांत बसवले. आज प्रो कबड्डीत करोडोंची बोली लागते ती त्या कागदांच्या जिवावर.

म्हणजे नियम लिहिण्याची अक्कल आपल्याला अमेरिकेकडून आणायची नव्हती. ती आपल्याकडे त्याच वेळी होती. फरक एवढाच की हे काम जिमखान्यांनी आणि व्यायामशाळांनी केलं, कॉलेजांनी केलं नाही. आणि खेळाचे नियम लिहिले गेले, खेळाडूचे लिहिले गेले नाहीत. अंगण किती लांब, किती रुंद, हे ठरलं. अंगणात पडलेल्याला दवाखान्यात कुणी न्यायचं, हे ठरलं नाही.

खेळाडूचं भागायचं ते कुणाच्या तरी मर्जीने. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा पाहून ते थक्क झाले, आणि १९२० मध्ये अँटवर्प ऑलिम्पिकला संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले. टाटांचे उपकार आहेतच. पण त्या दिवशी टाटा मैदानावर नसते तर?

घर गहाण टाकण्याची गोष्ट

आता ती गोष्ट, जी महाराष्ट्रातल्या प्रत्येक क्रीडा दिनाच्या भाषणात असते.

खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिम्पिकला गेले आणि सहावे आले, तेही गादीवरच्या कुस्तीची सवय नसताना. १९५२ च्या हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे कमी पडले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. यानंतरचं वैयक्तिक पदक भारताला थेट १९९६ साली मिळालं.

भाषणात इथे टाळ्या पडतात. वक्ता म्हणतो, 'असे गुरू पाहिजेत!' आणि खाली बसतो.

गोष्टीचा पुढचा भाग भाषणात येत नाही. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. म्हणजे नीट हिशेब केला तर देशाच्या पहिल्या पदकाचा खर्च शेवटी खेळाडूनेच भरला, तोही अंगमेहनतीने. पुढे ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

मी खर्डेकरांना नावं ठेवत नाही. असा माणूस विरळा. पण एखाद्या प्राचार्याला विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावं लागतं ही त्या काळच्या सरकारवर आणि संपूर्ण व्यवस्थेवर फिर्याद आहे. आपण ती फिर्याद सत्तर वर्षं आरती म्हणून गातोय. खर्डेकर भाड्याच्या घरात राहत असते तर पदक आलं नसतं. हे एकच वाक्य प्रत्येक क्रीडा दिनाला बोललं पाहिजे.

उपकारावर चालणाऱ्या खेळाची अडचण पैशाच्याही पलीकडची आहे. ज्याने उपकार केले त्याच्याकडे हिशेब मागता येत नाही. ज्या सरांनी स्वतःच्या खिशातून बूट आणले त्यांना 'सर, जिमखाना फीचं काय झालं?' असं विचारायला जीभ रेटत नाही. आणि पोरींच्या बाबतीत हे जास्त घातक आहे. संघात कोण, बाहेरगावी कोण जाणार, प्रमाणपत्र कुणाला, हे सगळं एकाच माणसाच्या मर्जीवर असेल तर तो माणूस कसा निघतो यावर तिचं सगळं अवलंबून राहतं. आमचे सर देवमाणूस होते. पण तो आमच्या नशिबाचा भाग होता. पोरीची सुरक्षितता नशिबावर सोडायची नसते.

आम्ही सही केलेला एकमेव कागद

कॉलेज आणि माझ्यामध्ये खेळाबद्दल कागदच नव्हता असं मात्र नाही. एक होता.

प्रत्येक स्पर्धेच्या आधी आम्हाला एक छापील हमीपत्र मिळायचं. 'माझी पाल्य स्वेच्छेने सहभागी होत असून प्रवासात किंवा खेळताना दुखापत झाल्यास कॉलेज जबाबदार राहणार नाही.' खाली पालकाची सही. माझी आई तेलुगू बोलते, मराठी तिला अक्षर लावून वाचावं लागतं. दिवसभर विड्या वळून तंबाखूने पिवळ्या झालेल्या बोटांनी तिने तीन वर्षं त्या कागदावर सही केली. तिला वाटायचं हा सहलीचा अर्ज आहे.

कबड्डी बघणाऱ्यांना हे माहीत असेल: आपण सराव मातीवर करतो आणि महत्त्वाचे सामने मॅटवर होतात. मातीवर पाय सरकतो. मॅटवर बुटाचा तळ चिकटतो, अंग वळतं आणि गुडघा तिथेच राहतो. ज्यांचा सराव मॅटवर असतो त्यांचं शरीर हे शिकतं. आमचं शिकलं नव्हतं. आमच्या कॉलेजात मॅट नव्हती. मैदान होतं, पण अर्ध्यावर दुचाकींचं पार्किंग आणि लग्नसराईत उरलेल्यावर मांडव.

आमची लेफ्ट कॉर्नर ही जिल्ह्यातल्या चांगल्या पकडींपैकी एक. घोटा पकडला की समोरची रेडर मध्यरेषेचं नाव विसरायची. दुसऱ्या वर्षी इंटर-झोनलला मॅटवर पकड करताना तिचा गुडघा फिरला. आवाज मला ऐकू आला. स्थानिक डॉक्टरांनी बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं, आणि आम्ही एसटीने परत आलो. तिचा पाय समोरच्या सीटवर, सीटवर मी नव्हते म्हणून जागा होती. मी उभी होते. सोलापुरात एमआरआय झाला. लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशनचा आकडा ऐकून तिच्या वडिलांनी फाइल बंद केली.

कॉलेजात ते एकदा गेले. त्यांना ते हमीपत्र दाखवण्यात आलं. सही त्यांचीच होती.

जिमखान्याच्या सरांनी खिशातून काही पैसे दिले. आम्ही पोरींनी वर्गणी काढली. व्हॉट्सअपवर आवाहन फिरलं. थोडं जमलं, पुरेसं जमलं नाही. पुढे घरच्यांनी ऑपरेशनचा विषयच बंद केला, कारण पोरीच्या गुडघ्याचं बाहेर कळलं तर स्थळं येणार नाहीत. आज ती युनिफॉर्म शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर बसते. जिना उतरताना कठडा धरते. तिचं वय पंचवीस आहे.

हॅरल्ड मूर मेला म्हणून खेळाचे नियम बदलले. आमची लेफ्ट कॉर्नर मेली नाही, म्हणून काहीच बदललं नाही. पुढच्या वर्षी तेच हमीपत्र, तीच माती, तीच मॅट.

'पण अमेरिकेचं काय घेऊन बसलीस?'

हा प्रश्न येणार. रास्त आहे. अमेरिकन कॉलेजचा खेळ म्हणजे स्वर्ग, असं मला म्हणायचं नाही.

पेनसिल्व्हेनियात कार्लाइल नावाची शाळा होती. १८७९ साली लष्कराच्या जुन्या बराकींत सुरू झालेली. मूलनिवासी जमातींच्या मुलांना घरापासून तोडून, केस कापून, भाषा विसरायला लावून 'सुधारणारी'. या शाळेच्या संघाने ९ नोव्हेंबर १९१२ रोजी लष्करी अकादमीचा संघ २७–६ असा लोळवला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर त्या हरलेल्या संघात होते. जिंकलेल्या संघाचा हिरो होता जिम थॉर्प. त्याच उन्हाळ्यात त्याने स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली होती. १९१३ मध्ये ती काढून घेतली, कारण आधी कधीतरी त्याने किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळलं होतं आणि नियमानुसार खेळाडू 'हौशी' हवा. इकडे शाळेच्या फुटबॉलने कमावलेल्या निधीवरून १९१४ मध्ये अमेरिकन संसदेने चौकशी केली. पोराने पैसे घेतले तर गुन्हा, शाळेने घेतले तर निधी. त्या दोन्ही शर्यतींचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं.

१९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने कॉलेज खेळातल्या बाजारूपणावर जाड अहवाल काढला. आणि एका मृत्यूनंतर जन्मलेल्या त्याच एनसीएएने पुढे शंभर वर्षं खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवू दिले नाहीत. ते २०२१ मध्ये सुटलं.

तेव्हा नुसता कागद असून भागत नाही, तो कोण लिहितो हेही पाहावं लागतं. थॉर्पला नियमाने मारलं कारण नियम लिहिताना त्याच्यासारखा कुणी खोलीत नव्हता. आमचं हमीपत्रही कागदच आहे. ते लिहिताना माझी आई खोलीत नव्हती. पण वाईट कागदाला उत्तर चांगला कागद हेच असतं. 'कागद सोडा, मन मोठं करा' हे उत्तर फक्त त्यांना परवडतं ज्यांचा गुडघा शाबूत आहे.

दुसरा आक्षेप घरातून येतो. 'खेळून पोट भरतं का?' भवानी पेठेत हा प्रश्न चेष्टेने विचारला जात नाही. त्याला शासनाचं उत्तर आहे: सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, परीक्षेत सवलतीचे गुण. चांगल्या गोष्टी आहेत. पण सामन्यांची नोंद कुठेच नीट नसेल आणि सगळं वजन एका प्रमाणपत्रावर असेल, तर प्रमाणपत्र विकत मिळायला लागतं. मिळालंही. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं महाराष्ट्रात उघडकीला आली आहेत. कधी मैदानात न उतरलेला माणूस खुर्चीत बसतो आणि जिचा गुडघा गेला ती शिवणयंत्रावर. कम्बरलँडच्या त्या पोरांसारखी प्रत्येक सामन्याची, प्रत्येक खेळाडूच्या नावाची जाहीर नोंद असती, तर ही चोरी इतकी सोपी झाली नसती.

आता काय मागायचं

मला स्टेडियम नको. मला जिमखान्याच्या फलकावर चार कागद लावलेले हवेत.

पहिला, हिशेब. प्रवेशाच्या पावतीवर 'जिमखाना' असा रकाना असतो. तो खेळणारा आणि न खेळणारा, दोघंही भरतात. यंदा किती जमा झाले, कशावर खर्च झाले, हे आकड्यांत लिहा. अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकारात हे विचारता येतं. दहा रुपयांचं काम आहे.

दुसरा, विमा. कॉलेजकडून खेळणाऱ्या प्रत्येकाचा दुखापतीचा विमा, आणि पॉलिसी नंबर संघाच्या यादीशेजारी. तो लागला की 'कॉलेज जबाबदार नाही' असं सांगणारं हमीपत्र फाडायचं.

तिसरा, नोंद. प्रत्येक सामना, तारीख, गुण, बारा जणांची नावं. हरलेले सामनेसुद्धा. हे कॉलेज करत नसेल तर तुमच्या हातातल्या फोनने करा. फोटो चषकाचा काढता तसा गुणफलकाचाही काढा आणि नावं नीट लिहा. आडनावासकट.

चौथा, तक्रार कुठे करायची. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर जिमखान्यात, मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत लावा. आणि मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी बाई गेल्याच पाहिजेत, हे लिहून लावा.

यातलं एकही कलम कुणाला घर गहाण टाकायला लावत नाही. ज्या प्राचार्यांना हे चार कागद लावायची भीती वाटते त्यांनी क्रीडा दिनाला खाशाबांचं नाव घेऊ नये.

पावसाळा संपला की झोनल सुरू होतील. तुम्ही खेळणार असाल, किंवा तुमची बहीण खेळणार असेल, तर सही करायच्या आधी तो कागद मोठ्याने वाचा. घरात, आईसमोर, तिला कळेल त्या भाषेत. मग कॉलेजात जाऊन विमा मागा. एकटे जाऊ नका, बाराच्या बारा जा. एकटीला संघातून वगळता येतं, बाराही जणींना वगळलं तर कॉलेजला संघच उरत नाही.